वारा, लाट आणि बेळ्ळंदूरचे हिम

बदलीचा हुकूम हाती पडण्यापूर्वीच नव्या गावाची कीर्ती आपल्या घरी येऊन पोहोचलेली असते. बंगळूरच्या बाबतीत ही कीर्ती मुख्यतः हवेची. 'तिकडे उन्हाळ्यात पंखा लागत नाही', 'बारमाही महाबळेश्वर समजा', असे सांगणारे स्नेही आम्हांस पुण्यात आणि नागपुरात जागोजाग भेटले. त्यांतील बहुतेकांनी हे शहर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलेले होते ही गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. तथापि, येथे हिम पडते असे मात्र त्यांपैकी कोणी सांगितले नव्हते. ते आम्ही स्वतःच पाहिले, आणि तेही ऐन पावसाळ्यात.

सायंकाळची वेळ होती. नुकतीच एक जोरदार सर येऊन गेली होती आणि यमलूरच्या बाजूने येणारा रस्ता वाहनांनी तुंबला होता. इतक्यात वाऱ्याची एक झुळूक आली व तिच्याबरोबर पांढरे शुभ्र पुंजके हवेत तरंगू लागले. ते मोटारींच्या टपांवर बसले, झाडांच्या फांद्यांना चिकटले, रस्त्याच्या कडेला ढिगांनी साचले. आमच्या पुढील स्कूटरवर आईच्या मागे बसलेल्या एका लहान मुलाने ते झेलण्यासाठी हात पुढे केला. आईने मागे न पाहताच तो हात झटकन आत ओढून घेतला. ज्या अर्थी तिला मागे पाहावे लागले नाही, त्या अर्थी हे दृश्य तिला नवे नव्हते.

बंगळूरला खरे हिम पडणे शक्य नाही. येथील हवामानाच्या नोंदींत आजवरचे सर्वांत कमी तापमान ७·८ अंश सेल्सियस असे असून ती नोंद जानेवारी १८८४ मधील आहे. पाणी गोठण्यास ह्याहून जवळजवळ आठ अंश खाली उतरावे लागेल. आम्ही पाहिलेले ते हिम म्हणजे बेळ्ळंदूर तलावाचा फेस होता. परंतु ते दृश्य पाहिल्यापासून उत्तरेकडील महासरोवरांचे हिवाळे आणि हा दक्षिणेतील तलाव ह्यांचे नाते मनात घोळू लागले. प्रथमदर्शनी ही तुलना थट्टेची वाटेल, पण दोन्हीकडे वारा, पाणी आणि पैलतीर ह्यांचाच खेळ आहे. वाऱ्याच्या व लाटांच्या अंगाने ह्या तलावाकडे पाहिले, म्हणजे बंगळूरच्या इतिहासातील एक प्रकरण चांगले उलगडते असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच.

उत्तर अमेरिकेत सुपीरियर नावाचे सरोवर आहे. त्याचा विस्तार सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या दुपटीहून अधिक. हिवाळ्याच्या आरंभी कॅनडाकडून कोरडा, गारठलेला वारा ह्या पाण्यावर येतो. पाणी अद्याप उन्हाळ्याची ऊब धरून असते. ह्या उबदार पृष्ठभागावरून जाताना वारा बाष्प उचलतो आणि पैलतीराच्या टेकड्यांवर चढताना त्याचे हिम करून टाकून देतो. एका तीरावर निरभ्र आकाश असावे आणि दुसऱ्या तीरावर घरांची दारे हिमाने बुजावीत, असे तेथे घडते. वाऱ्याला मोकळ्या पाण्यावरून किती लांब धावता येते ह्यावर त्या हिमाचे प्रमाण ठरते, आणि सरोवर गोठून गेले की हे हिम ओसरते, कारण वाऱ्याला उचलण्यासारखे काही उरत नाही. लाटांचाही नियम हाच आहे. जेवढी वाऱ्याची धाव लांब तेवढी लाट उंच. १० नोव्हेंबर १९७५ रोजी 'एडमंड फिट्झजेराल्ड' हे खनिज वाहून नेणारे मोठे जहाज ह्याच सरोवरात एका वादळात २९ खलाशांसह बुडाले. गोड्या पाण्याच्या सरोवरात समुद्रातल्यासारखी जहाजे बुडतात ह्यावर आमचा बरेच दिवस विश्वास बसत नसे.

इतक्या दूर जाण्याचे तरी कारण काय? आपल्याच देशाच्या उत्तरेस वुलर सरोवर आहे. हिवाळ्यात त्याच्या भोवतीच्या डोंगरांवर हिम साचते आणि दुपार कलली की डोंगरांवरून उतरणारे वारे त्या उथळ पाण्यावर अशा लाटा उठवितात की, काश्मिरी हांजी सरोवर ओलांडावयाचे ते सकाळीच. पंधराव्या शतकात सुलतान झैनुल आबिदीन ह्याने ह्या सरोवरात 'झैना लंक' नावाचे एक बेट घडविले. वादळात सापडलेल्या नावाड्यांस आसरा मिळावा हा त्यामागील हेतू होता असे परंपरा सांगते. त्याच्याही सहाशे वर्षे आधी अवंतिवर्म्याच्या राज्यात, म्हणजे इ. स. ८५५ ते ८८३ ह्या कालखंडात, सुय्य नावाच्या एका विलक्षण पुरुषाने वितस्तेचे पात्र मोकळे करून ह्या सरोवराच्या पुराचा उपद्रव कमी केला. कल्हणाने त्याची हकीकत दिली आहे. सुय्याने नदीत नाणी फेकली आणि दुष्काळाने गांजलेल्या लोकांनी ती शोधण्यासाठी पात्रात अडकलेले दगड उपसून काढले! सरकारी कामे इतक्या कमी कागदावर होऊ शकतात, हे वाचून आम्हा कारकुनांस अंमळ खिन्नता येते.

सुय्याचे नाव येथे मुद्दाम घेतले. ज्या दशकांत तो वितस्तेचा गाळ काढीत होता, नेमक्या त्याच दशकांत, इ. स. ८७० च्या सुमारास, ह्या बंगळूरच्या परिसरात कोणी एक जण दोन तलावांना तूम बसवीत होता. बेळ्ळंदूरच्या लगत, पाण्याच्या वरच्या अंगास, आगर नावाचे गाव होते. आज ते शहराच्या पोटात आहे. तेथील गंगकालीन शिलालेखात दोन तलावांच्या तुमांची व्यवस्था केल्याचा, पूर्वेकडील तलाव बांधल्याचा आणि त्याबद्दल 'बित्तुवट्ट' मिळाल्याचा उल्लेख आहे. बित्तुवट्ट म्हणजे तलावाखाली भिजणाऱ्या जमिनीतील हक्क. जो तलाव बांधील वा राखील त्यास तो मिळे. केंपे गौडाने बंगळूरचा कोट १५३७ मध्ये घातला. अर्थात त्याच्याआधी साडेसहाशे वर्षे ह्या खोऱ्यात पाणी अडविणारी आणि त्या पाण्याचा हिशोब ठेवणारी माणसे नांदत होती.

त्यांस हा खटाटोप का करावा लागला, हे नकाशावर नजर टाकताच कळते. बंगळूर हे समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंच अशा एका पाठीवर वसले आहे. पश्चिम उतारावरचे पाणी अर्कावतीला मिळून कावेरीत जाते, पूर्व उतारावरचे दक्षिण पिनाकिनीत. गावाला मोठी नदी नाही. वर्षाकाठी ३५ ते ३८ इंच पाऊस पडतो आणि तो दोन्ही अंगांनी घरंगळून जाऊ पाहतो. त्यास अडविण्यासाठी उताराच्या प्रत्येक पायरीवर मातीचा बांध घालून तलाव केला गेला. वरच्या तलावाचा सांडवा भरून वाहू लागला की ते पाणी ओढ्याने खालच्या तलावात यावे, तो भरला की त्याच्याही खालच्या तलावात, अशी ही साखळी. आगरचे पाणी बेळ्ळंदुरास, बेळ्ळंदूरचे वर्तूरला आणि वर्तूरचे दक्षिण पिनाकिनीस. बेळ्ळंदूर हा ह्या साखळीतील, किंबहुना सबंध शहरातील, सर्वांत मोठा तलाव असून त्याचा विस्तार ९०० एकरांच्या घरात आहे. पूर्व-पश्चिम लांबी साडेतीन किलोमीटरांहून किंचित अधिक.

ही लांबी ध्यानात ठेवावयास हवी, कारण वाऱ्याची धाव ती हीच. जून ते सप्टेंबर बंगळूरवर पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा वारा घोंघावतो. घाटावर पाऊस सांडून तो येथे येतो तेव्हा त्यात पाणी थोडे पण जोर बराच असतो. तलाव भरण्याची वेळ आणि वाऱ्याच्या जोराची वेळ एकच. पाणी काठोकाठ, वारा पश्चिमेचा, आणि बांध व सांडवे पूर्वेच्या अंगास, अशा स्थितीत लाटा थेट बांधावरच येऊन आपटणार. सुपीरियरच्या लाटांपुढे ह्या लाटा म्हणजे बाळलीला; पण मातीच्या बांधाला हातभर उंचीची लाटही पुरते. ती पायाशी रोज थोडी थोडी माती खाते, वरचा भाग निराधार होतो, आणि एखाद्या रात्री बांध फुटतो. वरचा फुटला की त्याच्या लोंढ्याने खालचा फुटतो, आणि मग सबंध साखळी वाहून जाते.

जुन्या बांधणाऱ्यांना ह्याची पूर्ण जाण होती. पाण्याकडील उतारावर त्यांनी दगड रचले, लाटेचा जोर त्या दगडांच्या फटींत जिरावा म्हणून. बांधाचा माथा सांड्यापेक्षा पुरेसा उंच ठेवला, लाट उसळून माथ्यावरून पलीकडे जाऊ नये म्हणून. सांड्याला येथे 'कोडी' म्हणतात. ही कोडी म्हणजे तलावाचा प्राण वाचविणारी जागा. तिच्यावरून पाणी वाहू लागले की गावकरी पूजा करीत. तूम उघडणे, पाण्याच्या पाळ्या ठरविणे, बांधावर झाड रुजले तर उपटणे, ही कामे 'नीरगंटी' नावाच्या गावकामगाराकडे असत. आपल्याकडील पाटकऱ्याचा हा कानडी भाऊ. कोणत्या महिन्यात कोणता वारा, आणि त्या वाऱ्यात पाणी किती उंच ठेवणे सुरक्षित, हे तो आपल्या बापाकडून शिकलेला असे. उन्हाळ्यात तलाव ओसरला की शेतकरी तळाचा गाळ गाड्या भरभरून शेतात नेत. त्यामुळे तलावाची खोली राही आणि शेताला खत मिळे.

ह्या साखळीशी मराठ्यांचाही संबंध आला. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या स्वारीत शहाजीराजे बंगळुरास आले, गौडांकडून शहर घेतले गेले आणि पुढे ती जहागीर राजांकडे आली. जयराम पिंड्ये ह्याच्या 'राधामाधवविलासचंपू'त राजांच्या दरबाराचे जे वर्णन आहे, ते येथील वैभवाचे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो ग्रंथ संपादून १९२२ मध्ये प्रसिद्ध केल्यापासून तो आपल्या अभ्यासकांस परिचित आहे. व्यंकोजीराजांनी १६६९ मध्ये मल्लापूरच्या मल्लिकार्जुनास एक गाव दान दिल्याचा शिलालेख मल्लेश्वरम् येथे आहे. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बंगळूर घेतले आणि ते तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजाच्या स्वाधीन केले. म्हणजे उणीपुरी पन्नास वर्षे हा मुलूख भोसल्यांचा होता.

येथे आलेला प्रत्येक मराठी माणूस ह्या पन्नास वर्षांच्या शोधात पहिला रविवार घालवितो. आम्हीही घालविला. चिक्कपेठेच्या गर्दीत राजांचा वाडा कोठे असेल ह्याची चौकशी केली, दुकानदारांनी आम्हांस साड्या दाखविल्या, आणि आम्ही परत आलो. जहागीरदाराचा वसूल मात्र वाड्यातून येत नाही, तो भातशेतांतून येतो, आणि ह्या पठारावर भात पिकत असे ते तलावांच्या खाली. दरबारात ज्या बहुभाषी कवींचा सत्कार झाला त्यांच्या शालजोड्या अखेर नीरगंट्याने वेळेवर उघडलेल्या तुमाच्या पाण्यावर विणल्या गेल्या होत्या. आमचे इतिहासप्रेम कवीपाशी थांबते, तुमापर्यंत जात नाही. हा दोष आम्ही इतरांच्या माथी मारीत नाही. हिमाचे पुंजके पाहीपर्यंत बेळ्ळंदूर हे नाव आम्हांस केवळ बसच्या पाटीवर ठाऊक होते.

इंग्रजी अमदानीत तलावांचे बरे चालले होते असे वरवर दिसते. १८०९ मध्ये येथे छावणी आली. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८२ मध्ये, कर्नल सँकी ह्यांच्या नावाचा तलाव बांधला गेला. पण खरे वळण १८९४ चे. दिवाण शेषाद्री अय्यर ह्यांच्या काळात अर्कावतीवर हेसरघट्ट येथे जलाशय बांधण्यात आला आणि तेथून नळाने पाणी शहरात आले. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय त्याच्या मदतीस धावला. नळ आल्याने पटकी हटली, बायकांच्या डोक्यावरच्या घागरी उतरल्या, हे उपकार थोडे नव्हेत. त्यांस नावे ठेवण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. परंतु त्याबरोबर एक गोष्ट नकळत घडली. ज्या पाण्यावर आपले पोट आहे त्या पाण्याकडे माणूस पाहतो, आणि जे पाणी केवळ शेजारी आहे त्याच्याकडे पाठ फिरवितो. शहरातील तलाव एकामागून एक रिकामी जागा ठरू लागले. संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडागार झाले, धर्मांबुधीच्या पोटात मध्यवर्ती बसस्थानक उभे राहिले, कोरमंगल तलावाच्या जागी १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी वसाहत झाली, आणि बेळ्ळंदूरच्या डोक्यावरील चल्लघट्ट तलावात गोल्फचे मैदान आले.

बेळ्ळंदूर मात्र इतका विस्तीर्ण की तो बुजविणे कोणास साधले नाही. त्याला एक अल्पकाळचे वैभवही लाभले, आणि ते सोलापूरच्या एका माणसामुळे. वालचंद हिराचंद ह्यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ह्या कारखान्याची स्थापना केली. कारखान्याची जागा तलावाच्या उत्तरेस. दोनच वर्षांत युद्धाच्या निकडीने सरकारने कारखाना आपल्या हाती घेतला, नंतर तेथे अमेरिकन सैन्याचा दुरुस्ती-तळ झाला, आणि दुरुस्तीसाठी येणारी 'कॅटॅलिना' जातीची पाण्यावर उतरणारी विमाने बेळ्ळंदूरच्या पाण्यावर उतरू लागली.

अशा विमानाच्या वैमानिकास तलावाचा वारा आणि लाट नीरगंट्याइतक्याच बारकाईने पाहावी लागे. उतरावयाचे ते वाऱ्याकडे तोंड करून. पाणी अगदी आरशासारखे निवांत असेल तर ते अधिक घातक, कारण आपण पाण्यापासून किती उंचीवर आहोत हे डोळ्यांस कळेनासे होते. लाटा फार उंच असतील तर विमानाचे पोट फुटण्याची भीती. बारीक, नेमस्त लहरी उठत असाव्यात हे उत्तम. युद्धकाळात ह्या पाण्यावर तशा लहरी उठत होत्या. पाणी मोकळे होते, आणि वारा त्यावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत विनाअडथळा धावत होता.

युद्ध संपले तेव्हाचे बंगळूर आज ओळखू येणार नाही. १९४१ मध्ये येथे सुमारे चार लाख माणसे होती, १९५१ मध्ये पावणेआठ लाख, २०११ च्या खानेसुमारीत ८४ लाख. टेलिफोनचा, यंत्रांचा, रेडिओ-सामग्रीचा असे केंद्र सरकारचे कारखाने निघाले, कचेऱ्या आल्या, त्यांच्याबरोबर आम्हांसारखे बदलीवाले आले. पाणी पुरेना. तेव्हा १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून, दीड हजार फुटांहून अधिक उंच चढवून, शहरात आणले जाऊ लागले. त्यानंतर त्याचे टप्प्यांवर टप्पे झाले.

आता ह्यातील मेख पाहा. कावेरीतून उचललेले पाणी आपण पितो, त्यात अंघोळ करतो, कपडे धुतो. आणि मग ते मोरीतून बाहेर पडते. शहराचा अर्धाअधिक भाग पाठीच्या पूर्वेकडे उतरतो. म्हणून कावेरीचे ते पाणी कावेरीत न परतता पूर्वेच्या खोऱ्यांत घरंगळते. शहराच्या सांडपाण्याचा सुमारे ४० टक्के भाग बेळ्ळंदूरच्या वाट्यास येत असे, आणि त्यातील पुष्कळसे शुद्ध न करताच. पावसाळ्यात भरून उन्हाळ्यात ओसरणारा तलाव अशा रीतीने बारमाही भरलेला राहू लागला. तो कधी कोरडा पडेना, त्यामुळे गाळ काढता येईना. आणि काढला असता तरी तो नेण्यास शेते उरली नव्हती.

सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद ह्यांवर जलपर्णी माजली. येथे लाटांचे महत्त्व पुनः एकदा, उलट्या बाजूने, प्रत्ययास येते. लाट ही बांधाची वैरीण खरी, पण तीच तलावाचा श्वासही आहे. वाऱ्याने पाणी ढवळते, हवा पाण्यात मिसळते, आणि त्या प्राणवायूवर तळाची घाण कुजविणारे सूक्ष्मजीव आपले काम करतात. जलपर्णीचा जाड गालिचा पसरल्यावर वारा पानांवरून सरकू लागला, पाण्यास त्याचा स्पर्श होईना. लाटा थांबल्या. तळाशी प्राणवायू उरला नाही, घाण अर्धीच कुजू लागली आणि तीतून मिथेन वायू सुटू लागला. गोठलेल्या सरोवरावर जसा वारा निष्फळ होतो, तसा तो येथे हिरव्या आच्छादनावर निष्फळ झाला. फरक इतकाच की तेथील बर्फ वसंतात वितळते.

फेसाची मीमांसा भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केली आहे. आपल्या धुण्याच्या चुऱ्यात पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये असतात. प्राणवायू असलेल्या पाण्यात ती बऱ्याच अंशी विघटित होतात. येथे ती गाळास चिकटून साचत राहिली. पावसाचा पहिला मोठा लोंढा आला म्हणजे तो गाळ ढवळतो, साचलेली द्रव्ये पाण्यात येतात, आणि ते पाणी कोडीवरून खाली कोसळताना त्यात हवा कोंडली जाते. रवीने ताक घुसळावे तसा हा प्रकार. फेस पुरुषभर उंचीचा होतो, आणि मग पश्चिमेचा वारा त्याचे लचके तोडून पूर्वेच्या पुलावर, रस्त्यावर, घरांच्या गच्च्यांवर नेऊन टाकतो. तलावाचा जीव राखण्यासाठी जी कोडी बांधली तीच घुसळखांब झाली.

हे सांगताना आम्हांस आमचे स्वतःचे घर वगळता येत नाही. ह्याच खोऱ्याच्या उतारावर आमचे भाड्याचे बिऱ्हाड आहे. दर रविवारी आठवड्याचे कपडे धुऊन झाले की मोरीतून जे पांढरट पाणी गडगडत जाते, ते कोठे जाते हे आम्ही एकदा नकाशावर बोट ठेवून पाहिले. बोट वर्तूरच्या पुलाशी थांबले. त्या स्कूटरवरील मुलाच्या हातावर पडू पाहणाऱ्या पुंजक्यात आमच्या सदऱ्याचा मळ नव्हता असे आम्ही शपथेवर सांगू शकणार नाही. बदलीवरचा माणूस सहसा म्हणतो, 'हे गाव आपले नव्हे, चार वर्षांनी आपण जाणार.' आम्हीही म्हणत असू. आम्ही जाऊ, आणि गाळ मागे राहील.

लाटा थांबलेल्या ह्या तलावाने पुढे आणखी एक नवल दाखविले. मे २०१५ मध्ये यमलूरच्या बाजूस फेसाने पेट घेतला. पाणी पेटल्याची वार्ता देशभर गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा धूर उठला. १९ जानेवारी २०१८ रोजी लागलेली आग सर्वांत मोठी. हिवाळ्यातील पूर्वेचा व ईशान्येचा वारा कोरडा असतो. काठावरचे गवत आणि वाळलेली जलपर्णी सरपणासारखी झालेली होती. तलावालगत लष्कराची जमीन आहे. तेथील जवान मोठ्या संख्येने धावून आले आणि अग्निशामक दलाच्या बरोबरीने तासन् तास झुंजले. त्या दिवसांत आजूबाजूच्या वसाहतींत राख पडली. पावसाळ्यात पांढरे हिम आणि हिवाळ्यात काळे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये हे प्रकरण आपण होऊन हाती घेतले. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारवर ५० कोटींचा आणि महानगरपालिकेवर २५ कोटींचा दंड बसविण्यात आला. देखरेखीसाठी न्यायमूर्ती संतोष हेगडे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, सांडपाणी वळविण्याचे आणि शेकडो वर्षांचा गाळ उपसण्याचे काम सुरू झाले. तत्पूर्वी, फेस रस्त्यावर येऊ नये म्हणून पुलाच्या कडेने उंच जाळ्या उभारण्यात आल्या होत्या. आम्ही त्या जाळ्या पाहिल्या आहेत. वाऱ्याला अडवावयाचे तर जाळी लावावी, ही तोड कोणाच्या तरी टेबलावर निघाली असणार. टेबलावर काम करणाऱ्या माणसाला ती चटकन ओळखू येते. तलाव कोणाचा, बांध कोणाचा, सांडपाणी कोणाचे आणि जलपर्णी कोणाची, ह्याची उत्तरे निरनिराळ्या कचेऱ्यांत निरनिराळी असतात. एके काळी ह्या चारही प्रश्नांचे उत्तर नीरगंटी हा एकच मनुष्य होता, आणि त्यास लिहिता येत नसे.

गेल्या जानेवारीत एका सकाळी आम्ही आगरच्या तलावावर गेलो होतो. शहरात जे थोडे तलाव साफ करून पुन्हा भरले गेले त्यांतील हा एक. थंडी बऱ्यापैकी होती. कानटोप्या घातलेले वृद्ध बांधावरून फिरत होते. पूर्वेचा वारा सुटला होता आणि मोकळ्या पाण्यावर बारीक लहरी उठून काठच्या दगडांवर आदळत होत्या. बाराशे वर्षांपूर्वी ह्याच गावात कोणीतरी तूम बसविला आणि ते काम दगडावर कोरून ठेविले. आम्ही काही वेळ तो लाटांचा आवाज ऐकत उभे राहिलो. मग बांध उतरून मोठ्या रस्त्याशी आलो. तलावाचे जादा पाणी त्या रस्त्याच्या खालून पलीकडे बेळ्ळंदूरकडे जाते. आमची बस पलीकडूनच सुटत होती.